अमेरिकेत लोक का आले हे शोधायचंय? मग आधी तिकिटाचे पैसे कोणी भरले ते बघा

भाचीच्या मुलीला शाळेत प्रोजेक्ट होता, अमेरिकेत लोक बाहेरून का आले ते लिहून आणा. तिने दोन रकान्यांचा तक्ता केला होता, डावीकडे गरिबी, युद्ध, दुष्काळ, धर्मावरून छळ आणि उजवीकडे नोकरी, जमीन, स्वातंत्र्य. मार्क पूर्ण मिळाले म्हणे. मी सहज विचारलं, बाई गं, गरिबी तर सगळीकडेच होती, मग एका गावातली चाळीस माणसं गेली आणि शेजारच्या तेवढ्याच गरीब गावातलं कोणीच नाही गेलं, असं का? तर म्हणाली, आजोबा हे पुस्तकात नाहीये.

नाहीयेच. म्हणून हे लिहितोय. मी काही इतिहासाचा प्रोफेसर नाही, रिटायर झाल्यापासून जुन्या जहाजांच्या याद्या वाचायचा नाद लागलाय एवढंच. पण अमेरिकेतल्या इमिग्रेशनचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर जाडजूड पुस्तकापासून सुरुवात करू नका, एका कागदापासून करा असं माझं ठाम मत आहे. तो कागद म्हणजे पॅसेंजर लिस्ट, जहाजाची यादी.

ती मिळवायची कशी ते आधी. १८२० पासून अमेरिकेत येणाऱ्या प्रत्येक जहाजाच्या कॅप्टनला प्रवाशांची यादी कस्टम्सला द्यावी लागायची, आणि न्यूयॉर्कच्या १८२० ते १९५७ च्या याद्या आज स्कॅन करून ऑनलाईन ठेवल्यात. एलिस आयलंड म्हणजे न्यूयॉर्क बंदरातलं बेट, जिथे आलेल्या लोकांची तपासणी व्हायची, त्याच्या फाउंडेशनच्या साईटवर फुकट शोधता येतं, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साईटवरही फुकट, दोन्हीकडे फक्त अकाउंट उघडावं लागतं. पैसे भरायच्या साईट्स आहेत पण पहिल्या महिन्यात त्यांची गरज पडत नाही, तिकडे कार्ड नंबर द्यायची घाई करू नका. तुमचं स्वतःचं कोणी त्या काळात गेलेलं असायला हवं असंही नाही, शेजारी इटालियन आजी असेल तर तिच्या वडिलांचं नाव विचारून घ्या, ती खूश होऊन चार गोष्टी जास्तच सांगेल.

नाव टाकल्यावर पहिल्या झटक्यात सापडत नाही. इथे बहुतेक लोक सोडून देतात आणि म्हणतात की एलिस आयलंडवरच्या ऑफिसरने आमचं आडनाव बदललं. हे इतक्या घरांत इतक्या ठामपणे सांगतात की विरोध करायला जीव होत नाही, पण तसं नव्हतं. यादी जहाज सुटायच्या बंदरात, म्हणजे नेपल्स, हॅम्बुर्ग, लिव्हरपूल वगैरे ठिकाणी, जहाज कंपनीचे कारकून लिहायचे, आणि एलिस आयलंडवरचा इन्स्पेक्टर समोर तीच यादी ठेवून प्रश्न विचारायचा. आडनावं बदलली ती लोकांनी स्वतः, नंतर, दुकान टाकताना किंवा पोराला शाळेत घालताना. म्हणून शोधताना जोसेफ टाकू नका, जुझेप्पे टाका. इटालियन बाई असेल तर माहेरच्या आडनावाने शोधा, त्या तसाच प्रवास करायच्या. आणि तरीही नाही मिळालं तर नावाचा नाद सोडून गाव, वय आणि साल एवढ्यावर शोधा. स्कॅन बघून नावं टाईप करणाऱ्याने काय वाचलं असेल त्याचा नेम नाही, त्या अक्षरापुढे आपल्या तलाठ्याचं अक्षर छापील वाटेल.

पान सापडलं की घाई न करता एकच ओळ डावीकडून उजवीकडे वाचायची. १८९३ नंतरच्या याद्या जास्त बोलक्या आहेत कारण तेव्हापासून सरकारने रकाने वाढवले. नाव, वय, लग्न झालंय का, धंदा काय, लिहिता वाचता येतं का, शेवटचं राहतं गाव कोणतं, जाणार कुठे, पुढच्या प्रवासाचं तिकीट जवळ आहे का, तिकिटाचे पैसे कोणी भरले, जवळ किती डॉलर आहेत, आधी कधी आला होतात का, कोणाकडे जाताय त्याचं नाव आणि पत्ता, तुरुंगात होतात का, एकापेक्षा जास्त बायका आहेत का, आणि १९०३ च्या कायद्यानंतर अराजकवादी आहात का हे पण. हसू येतं वाचताना, कोण हो म्हणणार होतं. १९०७ पासून यादी दोन पानांवर पसरली आणि मागे गावी कोण आहे त्याचंही नाव लिहू लागले, त्यामुळे दुसरं पान उघडायला विसरू नका. मी स्वतः सुरुवातीचे कित्येक महिने फक्त डावं पानच बघत होतो आणि कोणाकडे गेले ते कळतच नाही म्हणून कुरकुरत होतो.

आता या सगळ्यात दोन रकाने सोन्यासारखे. तिकिटाचे पैसे कोणी भरले, आणि कोणाकडे जाताय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला आलेल्यांची पानं उघडून बघा, भाऊ, नवरा, मेव्हणा, काका, मित्र, खाली खाली तेच येत राहतं. मग एक काम करा, तुमची ओळ सोडून तिच्या वरच्या आणि खालच्या दहा ओळी वाचा. एकाच गावातून आलेले पाच सहा जण सापडतात, आणि त्यातले तीन जण न्यूयॉर्क किंवा पेन्सिल्वेनियातल्या एकाच घराच्या पत्त्यावर चाललेले असतात. गावातला पहिला माणूस कसाबसा जातो, वर्षभर राबतो, पैसे साठवून भावाचं तिकीट तिकडूनच काढून पाठवतो, भाऊ मेव्हण्याचं काढतो, आणि दहा वर्षांत अर्धी आळी तिकडे. शेजारच्या गावातून तो पहिला माणूस गेलाच नाही. पोरीला विचारलेल्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर इथे आहे, आणि आपल्याकडे हे नवीन सांगायला नको, मुंबईच्या गिरणीत गावाकडची माणसं अशीच चिकटली ना एकामागून एक.

आयर्लंडचं उदाहरण नेहमी दिलं जातं, १८४५ ते १८५२ चा दुष्काळ, बटाट्यावर रोग पडला, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. तक्त्यात ते डाव्या रकान्यात एका शब्दात बसतं. पण जरा थांबून बघा, मेले कोण आणि गेले कोण. ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याला जहाजाचं भाडं कुठून परवडणार, तो तिथेच मेला. काही जमीनदारांनी कुळं हाकलायला भाडं भरून दिलं ते वेगळं, पण बाकी जे बोटीत चढले त्यांच्याकडे विकायला एखादं जनावर तरी होतं किंवा आधी गेलेल्या कोणीतरी पैसे पाठवले होते. अगदी तळातला माणूस सहसा समुद्र ओलांडत नाही. गरिबी हे कारण आहेच, नाही कोण म्हणतंय, पण नुसतं ते लिहून पुढे जाऊ नका, हातात भाडं कुठून आलं ते विचारा.

एक इशारा देतो. यादीतलं प्रत्येक उत्तर खरं धरू नका. एक रकाना असतो, इथे येण्याआधी काम पक्कं ठरलंय का. जवळजवळ सगळे 'नाही' म्हणतात. आता कोणता शहाणा माणूस काम न ठरवता एवढा लांब जाईल? पण १८८५ च्या कायद्याने आधी करार करून मजूर आणायला बंदी होती, त्यामुळे 'हो' म्हटलं की परत पाठवणी. आणि उलट बाजूने, हा माणूस सरकारवर ओझं होईल असं वाटलं तरी परत पाठवणी, ती तरतूद १८८२ पासूनची. म्हणजे काम ठरलेलं नाही पण काम नक्की मिळेल, असं एका दमात पटवून द्यायचं, आणि ते बोटीवर किंवा गावातच कोणीतरी पढवून पाठवलेलं असायचं. पैशाच्या रकान्यातही तसंच, १९०९ मध्ये एलिस आयलंडचे कमिशनर विल्यम्स यांनी पंचवीस डॉलर तरी जवळ हवेत असा दंडक काढला, त्यामुळे त्यानंतरच्या पानांवर बरोब्बर २५ चा आकडा दिसला तर नवल मानू नका. व्हिसा इंटरव्ह्यूला गेलेल्या कोणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

समासात कधी कधी नंतर वेगळ्या शाईने लिहिलेले आकडे दिसतात, ते बरेचदा पुढे माणसाने नागरिकत्वाचा अर्ज केला तेव्हा कोणीतरी जुनी यादी उघडून तपासली त्याची खूण असते. तो नंबर लिहून ठेवा, त्यावरून पुढचे कागद सापडू शकतात. आणि एलिस आयलंडवर एकूण माणसं आली सव्वा कोटीच्या आसपास, १८९२ ते १९५४, त्यातली परत पाठवली ती शंभरात दोन. फर्स्ट आणि सेकंड क्लासवाल्यांची तपासणी बोटीवरच उरकायची, रांगेत उभे राहायचे ते स्टीअरेजवाले, जहाजाच्या पोटातून आलेले. डोळे तपासायच्या आणि कोटावर खडूने खुणा करायच्या गोष्टी सगळे सांगतात म्हणून मी सोडून देतो.

आता दुसरं साधन, कायद्यांचं कॅलेंडर. एका कागदावर सालं लिहून भिंतीला चिकटवा, मी खरंच चिकटवलंय. १७९० ला नागरिकत्व फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' माणसाला. १८७० ला आफ्रिकन वंशाच्या लोकांना. १८८२ ला चिनी मजुरांना बंदी. १९१७ ला लिहिता वाचता येण्याची परीक्षा आणि आशियाचा मोठा पट्टा बंद, त्यात आपण आलोच. १९२४ ला कोटा. १९६५ ला तो कोटा रद्द. हा कागद शेजारी नसेल तर तुम्ही 'अमुक देशाचे लोक तेव्हा यायचे बंद झाले, त्यांना गरज उरली नसेल' असले निष्कर्ष काढून मोकळे व्हाल.

१९२४ चं जरा नीट समजून घ्या कारण त्यातली चलाखी बघण्यासारखी आहे. १९२१ मध्ये आधी एक तात्पुरता कोटा आला होता, १९१० च्या जनगणनेत तुमच्या देशात जन्मलेले जेवढे लोक अमेरिकेत होते त्याच्या ३ टक्के दरवर्षी. १९२४ ला तो २ टक्के केला, ठीक आहे, पण जनगणना घेतली १८९० ची! चौतीस वर्षं जुनी. का? कारण १८९० पर्यंत इटालियन, पोलिश, रशियातले ज्यू हे फारसे आलेच नव्हते, ते आले त्यानंतर. त्यामुळे कायद्यात कोणाचंही नाव न घेता इटलीचा कोटा बेचाळीस हजारांवरून ३,८४५ वर आला आणि ब्रिटनला ३४,००७ मिळाले. आकडे कुठल्या सालचे धरायचे एवढ्या एका ओळीत अख्ख्या देशांचे दरवाजे बंद. १८९० मध्ये अमेरिकेत बाहेर जन्मलेले लोक १४.८ टक्के होते, १९७० ला ४.७ टक्के, ही घसरण जगातली गरिबी कमी झाली म्हणून झाली नाही.

भारतीयांचं शोधायचं असेल तर पश्चिम किनाऱ्याकडे बघा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबी लोक वॉशिंग्टन, ओरेगॉन, कॅलिफोर्नियात लाकूड गिरण्यांत आणि शेतांवर होते. ४ सप्टेंबर १९०७ ला वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये गोऱ्या कामगारांच्या जमावाने त्यांना गावाबाहेर हाकललं. शिकायला आलेले पण होते, आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्याच काळात ओरेगॉनला शेतकी शिकत होते, इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीत होते, आणि शेवटी मेक्सिकोत जाऊन शेतीतज्ज्ञ म्हणून नाव काढलं. मग १९२३ ला भगतसिंग थिंड यांची नागरिकत्वाची केस. अमेरिकन फौजेत नोकरी केलेला माणूस, त्यांचं म्हणणं की आम्ही पण कॉकेशियन, म्हणजे गोऱ्यांच्याच वंशातले, सुप्रीम कोर्ट म्हणालं शास्त्र काय म्हणतं ते सोडा, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. त्या निकालानंतर आधी मिळालेली नागरिकत्वं सुद्धा काढून घेतली. १९४६ ला नागरिकत्वाचं दार उघडलं आणि भारताचा कोटा ठरला वर्षाला शंभर. शंभर माणसं! आपल्या एका सोसायटीत जास्त राहतात.

जनगणनेच्या फॉर्मात आपल्या लोकांना शोधताना एक गंमत माहीत हवी. १९२०, १९३० आणि १९४० च्या सेन्ससमध्ये वंशाच्या रकान्यात भारतीयांसाठी 'हिंदू' असा शब्द होता, धर्म कुठलाही असो. त्यामुळे पगडीवाला शीख शेतकरी आणि मुसलमान मजूर दोघंही हिंदू म्हणून लिहिलेले सापडतात, गोंधळून जाऊ नका. त्याच सेन्ससमध्ये १९०० पासून १९३० पर्यंत कोणत्या वर्षी देशात आलात हे पण विचारलंय, आणि शेजारी नागरिकत्वाची खूण, 'एनए' म्हणजे नागरिक झाला, 'पीए' म्हणजे पहिला कागद भरलाय, 'एएल' म्हणजे अजून परका. सालावर फार विश्वास नको, दहा वर्षांनी पुन्हा विचारलं की लोक वेगळंच साल सांगायचे. पण ते साल धरून जहाजाची यादी दोन वर्षं मागेपुढे शोधायची, हे जमतं. सेन्सस ७२ वर्षांनी उघडतात, १९५० चा १ एप्रिल २०२२ ला उघडला, पुढचा २०३२ ला.

आणि ज्यांची यादीच नाही, किंवा आहे पण वेगळीच आहे, त्यांचं काय? आफ्रिकेतून साखळदंडात आणलेले तीन लाख ऐंशी हजारांहून जास्त लोक इथे उतरवले गेले, त्यांना स्थलांतरित म्हणायलाच माझी जीभ वळत नाही. १८५० आणि १८६० च्या सेन्ससमध्ये गुलामांची वेगळी पानं आहेत, मालकाचं नाव ठळक आणि खाली नुसतं वय, पुरुष की बाई, रंग. नाव नाही. नावाने ते दिसायला लागतात १८७० ला. ती दोन पानं एकदा शेजारी शेजारी उघडून बघाच.

चिनी लोकांसाठी सॅन फ्रान्सिस्कोजवळचं एंजल आयलंड, १९१० ते १९४०. तिथे उलटतपासणी व्हायची. झालं असं की १९०६ च्या भूकंपात आणि आगीत शहरातल्या जन्मनोंदी जळाल्या, मग बऱ्याच चिन्यांनी सांगितलं आम्ही इथेच जन्मलो, म्हणजे नागरिक, आम्हाला बंदी लागू नाही, आणि चीनमध्ये आम्हाला अमुक इतके मुलगे आहेत, आणि त्या कागदावरच्या मुलांच्या जागा विकल्या गेल्या. ऑफिसरला पण ते कळत होतं. म्हणून तो विचारायचा, तुमच्या घराला पायऱ्या किती, तुमच्या रांगेतल्या तिसऱ्या घरात कोण राहतं, विहीर कुठल्या बाजूला. आणि मग तेच 'वडिलांना' वेगळ्या खोलीत. खरा बाप आणि खरा मुलगा असले तरी उत्तरं जुळायची नाहीत, सांगा बघू तुमच्या आजोळच्या घराला किती पायऱ्या? लोक जहाजात वही पाठ करत यायचे आणि उतरायच्या आधी ती समुद्रात टाकून द्यायचे. वाट बघताना भिंतींवर कोरलेल्या कविता अजून आहेत तिथे. या तपासण्यांच्या फाईली नॅशनल अर्काइव्हजमध्ये, म्हणजे अमेरिकन सरकारच्या दप्तरखान्यात, मिळतात आणि वाचायला जहाजाच्या यादीपेक्षा कितीतरी भरलेल्या असतात.

परत गेलेल्यांना पण मोजा. इटालियन पुरुषांचा मोठा हिस्सा दोन चार हंगाम कमवून परत जायचा, पुन्हा यायचा, वाफेच्या बोटींमुळे सहा आठवड्यांचा प्रवास दहा बारा दिवसांवर आल्यावर हे सोपं झालं. 'आधी कधी आला होतात का' हा रकाना त्यासाठी बघायचा. एकच माणूस तीनदा मोजला गेलेला असू शकतो. कायमचं जायचं म्हणून सगळेच निघाले होते असं नाही, कर्ज फेडायचं, बहिणीचं लग्न, थोडी जमीन, आणि घरी परत, एवढाच बेत असायचा आणि मग राहून जायचं. ओळखीचं वाटतंय ना.

१९६५ नंतर आलेल्यांसाठी याद्यांचा उपयोग नाही, लोक विमानाने यायला लागले आणि ते कागद आपल्याला बघायला मिळत नाहीत. कोटा रद्द करणारा १९६५ चा कायदा राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने ३ ऑक्टोबरला लिबर्टीच्या पुतळ्याजवळ सही केला आणि हा काही क्रांतिकारी कायदा नाही असं भाषणात म्हणाला. नातेवाईकांना प्राधान्य दिलं की आहेत तसलेच लोक येत राहतील असं बऱ्याच खासदारांना वाटत होतं. झालं उलटंच, आपले डॉक्टर इंजिनियर आले, नागरिक झाले, मग भाऊ, बहीण, आईवडील. इटालियन भावाने पाठवलेलं तिकीट आणि आपल्या काकांनी भरलेला स्पॉन्सरशिपचा फॉर्म, रकाना तोच.

म्हणून इथून पुढचं काम माणसांना विचारून करायचं, आणि लवकर करायचं, कारण ती पिढी ऐंशीच्या घरात आहे. 'तुम्ही अमेरिकेत का आलात' हे विचारू नका, सगळे एकच उत्तर देतात, उच्च शिक्षण आणि चांगलं भविष्य. त्याऐवजी १९०७ च्या यादीतले रकाने छापून न्या आणि एकेक भरून घ्या. मी आमच्या ओळखीच्या एका काकांकडे गेलो होतो, १९६९ ला आलेले. जवळ किती डॉलर? आठ. तेव्हा रिझर्व्ह बँक तेवढेच देत होती, हे त्यांनी तीनदा सांगितलं. तिकिटाचे पैसे कोणी भरले? आधी म्हणाले वडिलांनी. काकू आतून म्हणाल्या, वडिलांनी कुठले, आत्याबाईंनी पाटल्या मोडल्या. काका गप्प. मग म्हणाले हो, लिही, आत्याने. आणि कोणाकडे जाणार, तर युनिव्हर्सिटीत, असं ठसक्यात. म्हटलं तसं नाही, एअरपोर्टवर घ्यायला कोण आलं होतं? तेव्हा निघालं की हॉस्टेलमधला दोन वर्षं सिनियर एक मुलगा, त्यानेच पत्र लिहून कुठे अर्ज करायचा ते सांगितलं होतं आणि पहिले तीन आठवडे त्याच्याच खोलीत जमिनीवर झोपले होते.

तो सिनियर आता ह्यूस्टनला असतो. त्याला घ्यायला कोण आलं होतं ते या रविवारी फोन करून विचारणार आहे.